घरचा कारखाना : दीडदमडीचे गॅस्केट

दिवाळी जवळ आली की घरातील माणसांची नजर एकाएकी बदलते. वर्षभर जी अडगळ कोणाला दिसत नव्हती ती दिसू लागते, माळ्यावरची खोकी खाली उतरतात आणि 'हे ठेवायचे की टाकायचे?' हा सवाल घरातल्या प्रत्येक वस्तूला एकदा तरी ऐकावा लागतो. बंद घड्याळ, लंगडे टेबल, न फिरणारा पंखा हे सारे आरोपी पिंजऱ्यात उभे राहतात. न्यायासनावर गृहिणी असते, वकिली गृहस्थाकडे असते आणि खटला बहुधा वकीलच हरतो. आमच्या या सदराचा जन्मच मुळी अशा आरोपींची बाजू मांडण्यासाठी झालेला. तेव्हा दिवाळी अंकासाठी यंदा कोणाचे वकीलपत्र घ्यावे, याचा विचार चालला असतानाच परदेशस्थ वाचकांच्या पत्रांनी आमचे काम सोपे केले.

पत्रे अमेरिकेतली आणि तक्रार एकच. घरापुढचे गवत कापण्याचे यंत्र आहे. कोणाचे नवे घेतलेले, कोणाचे शेजाऱ्याकडून जुने घेतलेले. ते आता दोरी ओढली की सुरू होते, चार श्वास टाकते आणि बंद पडते. दुकानात नेले तर सांगतात, 'कार्बोरेटरचे गॅस्केट गेले आहे.' मग गॅस्केट बसवा म्हटले तर उत्तर येते, 'तेवढ्यासाठी मजुरी परवडणार नाही. सबंध कार्बोरेटर बदला, नाहीतर नवे यंत्र घ्या.' वाचक विचारतात, 'एका कागदाच्या तुकड्यासाठी एवढे जडशीळ यंत्र भंगारात घालायचे काय? आणि तो तुकडा स्वस्तात मिळायचा तरी कोठे?'

सातारा-नागपूरच्या वाचकाने येथे लगेच पान उलटू नये. 'आमच्या दारात तुळशीवृंदावनापुरती जागा, आम्हाला हिरवळ कसली कापायची?' हे म्हणणे रास्त आहे. पण कोकणातल्या कलमांच्या बागेत रान काढणारा ब्रश कटर, द्राक्षबागेत पाठीवर घेतलेला फवारणीचा पंप, वीज गेल्यावर दुकानाबाहेर भडभडणारे छोटे जनित्र, यांतल्या पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात हाच कार्बोरेटर आणि हेच गॅस्केट आहे. फरक इतकाच की आपल्याकडचे मिस्त्री त्याला 'पॅकिंग' म्हणतात.

गवत हा तिकडे गंभीर विषय आहे

गवत कापण्याचे यंत्र निघाले इंग्लंडात. ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड हा लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांचा भाग. तेथे कापडावरची लव एकसारखी भादरण्यासाठी फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. ते पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटले, जे कापडाला चालते ते गवताला का चालू नये? १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे इप्सविचच्या रॅन्सम कारखान्याने १९०२ साली पेट्रोलवर चालणारे गवतकापणी यंत्र बाजारात आणले.

हे वेड खरे फोफावले ते अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ साली लेव्हिटटाउन ही एकसारख्या घरांची वसाहत उभी राहू लागली, तेव्हा घरमालकाने आठवड्याला गवत कापलेच पाहिजे अशी अटच घातलेली होती. आजही तिकडच्या कित्येक गावांत गवत अमुक इंचांहून वाढले की नगरपालिकेची नोटीस येते. फ्लोरिडातील डनीडिन गावी तर २०१८ साली उंच गवतापायी एका घरमालकावर दिवसाला पाचशे डॉलर या हिशेबाने दंड चढत गेला आणि तो तीस हजार डॉलरच्या जवळ पोहोचला. घरावर टाच येण्याची वेळ आली तेव्हा प्रकरण देशभर गाजले. आपल्याकडे गाईने गवत खाल्ले तर पुण्य लागते. तिकडे गाय नाही, म्हणून हे यंत्र. आणि ते ऐन मोसमात बंद पडले तर गृहस्थाच्या छातीत धडधड का होते, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल.

आधी यंत्राचे नाव-गाव विचारा

दुकानात जाऊन 'गवत कापायच्या यंत्राचे गॅस्केट द्या' असे म्हणणे म्हणजे शिंप्याकडे जाऊन 'माणसाचा सदरा द्या' म्हणण्यासारखे आहे. पहिली गोष्ट ही समजून घ्यावी की यंत्रावर रंगीत अक्षरांत लिहिलेले नाव बहुधा इंजिनाचे नसते. सांगाडा एका कारखान्याचा, इंजिन दुसऱ्याचे. गॅस्केट हवे ते इंजिनाचे. तेव्हा इंजिनाची जन्मपत्रिका पाहायची.

उदाहरणासाठी आपण अमेरिकेतले सर्वांत ओळखीचे इंजिन घेऊ. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरी १९०८ साली ब्रिग्ज आणि स्ट्रॅटन या दोघांनी आपला धंदा सुरू केला. १९५३ साली त्यांनी ॲल्युमिनियमचे हलके इंजिन काढले आणि घरोघरच्या यंत्राचे वजन उतरले. या इंजिनाच्या पत्र्याच्या टोपणावर आकड्यांचे तीन गट ठोकलेले असतात : मॉडेल, टाइप आणि कोड. जुन्या पाच आकडी मॉडेलपैकी ९२९०२ हा आकडा घ्या. पहिला ९ म्हणजे नऊ घनइंचांचे, सुमारे १४८ सीसीचे इंजिन. पुढचा २ ही रचनेची मालिका. तिसऱ्या जागचा ९ सांगतो की दांडा उभा आहे आणि कार्बोरेटर 'पल्सा-जेट' जातीचा आहे. चौथा आकडा बेअरिंगचा. आणि शेवटचा २ म्हणजे ओढल्यावर आपोआप गुंडाळणारी दोरी. कोडमध्ये जन्मतारीख असते. त्याचे पहिले सहा आकडे ९१०४१५ असतील तर १५ एप्रिल १९९१ रोजी हे बाळ जन्मले असे समजावे.

ज्याला हे आकडे वाचता आले त्याचे निम्मे काम झाले. आकडे गंजाखाली झाकलेले असतात. तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवावा, खडू घासावा म्हणजे खोलगट अक्षरे उठून दिसतात. मग मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. हा एक फोटो पुढे दहा फेऱ्या वाचवतो.

पडदा, कागद आणि कुकर

आता हे गॅस्केट करते काय? आपल्या स्वयंपाकघरात त्याचा सख्खा भाऊ रोज कामावर असतो. प्रेशर कुकरच्या झाकणातली रबरी रिंग आठवा. दोन धातूंचे तोंड कितीही घासूनपुसून जुळवले तरी मध्ये सूक्ष्म फट राहतेच. ती बुजवायला मऊ वस्तू लागते. रिंग कडक झाली की वाफ बाजूने सुटते, शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. त्यावेळी कोणती गृहिणी नवा कुकर विकत घेते? ती जुनी रिंग पिशवीत घालून भांड्याच्या दुकानात जाते आणि मापाला माप लावून नवी आणते. गॅस्केटचे सारे शास्त्र या एका कृतीत आहे.

कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरलेले असते. गॅस्केट फाटले, सुकले किंवा चिरले की ठरल्याबाहेरची हवा चोरवाटेने आत शिरते. मिश्रण पातळ होते आणि इंजिन दम्याच्या रोग्यासारखे वर-खाली धापा टाकू लागते. चोक थोडा लावला की बरे चालते, काढला की पुन्हा धाप लागते. हे लक्षण दिसले की चोरवाटेची हवा तरी आहे, नाहीतर पेट्रोलचे बारीक छिद्र म्हणजे जेट तरी चोंदली आहे असे समजावे.

वर सांगितलेल्या पल्सा-जेट जातीत याहून मोठी गंमत आहे. तेथे कार्बोरेटर सरळ पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर बसतो आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ पडदा, डायफ्रॅम, असतो. पिस्टन खाली गेला की ओढ लागते आणि पडदा हलतो. ओढ थांबली की छोटी स्प्रिंग त्याला परत ढकलते. पडद्यालाच कापून केलेल्या चिमुकल्या जिभा झडपांचे काम करतात. अशा रीतीने हा पडदा टाकीतले पेट्रोल उपसून वरच्या छोट्या वाटीत भरत राहतो आणि वाटीतून ते जेटकडे जाते. टाकी भरलेली असो की तळाला गेलेली, वाटी भरलेलीच. विहिरीवरचा रहाट आणि हौद यांचीच ही लहानशी आवृत्ती.

या पडद्याचे श्रम मोजून पाहा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार फटक्यांच्या इंजिनात मिनिटाला दीड हजार वेळा ओढ लागते. म्हणजे तासाला नव्वद हजार वेळा पडदा हलला. वर्षाकाठी पंचवीस तास गवत कापले तर साडेबावीस लाख आणि दहा वर्षांत सव्वादोन कोटी! एवढे राबल्यावर तो बिचारा ताठरला तर त्याला दोष कोण देईल? पण पडदा ताठरला म्हणजे इंजिन म्हातारे झाले असे मात्र नव्हे. शिपाई दमला म्हणून कचेरी पाडून टाकीत नाहीत.

पेट्रोलमधला पाहुणा

गॅस्केटे हल्ली लवकर का जातात, असे कित्येकजण विचारतात. त्याचे एक मोठे कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या जवळजवळ सर्व पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. जुन्या जातीच्या रबराला त्याने फुगवटा येतो आणि पुढे सुकल्यावर ते आक्रसून चिरते. पंधरा टक्क्यांचे पेट्रोल तर तेथील कायद्यानेच अशा छोट्या इंजिनांत घालायला मनाई आहे. पंपावर स्वस्त दिसले म्हणून ते भरणाऱ्याने चार पैसे वाचवले आणि कार्बोरेटर गमावला असे समजावे.

आपल्या देशात २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे लक्ष्य गाठले गेले. जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग व गॅस्केटे बदलावी लागतील, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच त्या वर्षी सांगितले. वाहनांचा हिशेब किलोमीटरने झाला. पण वर्षाचे दहा महिने कोनाड्यात उभा राहणारा आणि दोन महिने राबणारा ब्रश कटर किंवा पंप यांचा हिशेब कोण ठेवणार? चालण्याने इंजिन जितके झिजते त्याहून अधिक ते पोटात पेट्रोल घेऊन उभे राहण्याने बिघडते, हे शेतकरी वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

आता मुख्य प्रश्न. तिकडच्या आजच्या बाजारात मूळ कारखान्याच्या गॅस्केट-पडद्याचा संच साधारणपणे पाच-दहा डॉलरच्या घरात मिळतो. तेच दुसऱ्या कारखान्याने त्याच मापाने बनवलेले घेतले तर आणखी कमी. स्टेन्स, ओरेगन, रोटरी ही अशा पर्यायी भागांची तिकडे चालणारी नावे आहेत. चिनी बनावटीचा अख्खा कार्बोरेटर पंधरा-वीस डॉलरला येतो. नवे यंत्र म्हणाल तर काही शे डॉलर. एवढे स्पष्ट असताना माणूस अडतो कोठे? तर टपालखर्चात आणि मजुरीत! दोन डॉलरचे गॅस्केट आणि सात डॉलर टपाल : चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यावर उपाय जुनेच आहेत. पहिला, नुसते गॅस्केट मागवू नये. प्लग, हवेची गाळणी आणि पेट्रोलची गाळणी यांना त्याच खोक्यात बसवून आणावे. ती वर्षाआड लागतातच. दुसरा, एकाच जातीचे यंत्र असणारे दोन-तीन शेजारी असतील तर एकत्र मागवावे. संच पाच-पाचांच्या पुडक्यात पुष्कळ स्वस्त पडतात. तिसरा, भागाचा क्रमांक शोधल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. प्रत्येक इंजिनाची चित्रमय भागयादी असते. कारखान्याच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि टाइप घातले की ती फुकट पाहता येते. यादीतला क्रमांक घेऊन शोधले की तेच गॅस्केट चार भावांना चार ठिकाणी दिसते. कित्येकदा जुना क्रमांक रद्द होऊन नवा आलेला असतो. विकणाऱ्याला 'या क्रमांकाच्या जागी आता कोणता?' एवढेच विचारावे.

चौथी गोष्ट निवडीची. कार्बोरेटर दुरुस्तीचे मोठे संच मिळतात. त्यात सुई, स्प्रिंगा, छल्ले, पडदे असा सारा संसार असतो. तो नको असेल तर केवळ गॅस्केटचा लहान संच वेगळा मिळतो का ते पाहावे. उलट, मूळ कार्बोरेटरचा धातूच पांढऱ्या बुरशीसारख्या गंजाने खाल्लेला असेल, तर गॅस्केटवर पैसे घालण्यात अर्थ नाही. तेथे पंधरा डॉलरचा नकली कार्बोरेटरही कामाला येतो. मात्र नकली कार्बोरेटरची छिद्रे कधी जुळतात, कधी नाहीत. म्हणून मूळ कार्बोरेटर शाबूत असेल तोवर त्याचेच गॅस्केट बदलणे श्रेयस्कर.

आणि इंजिन बनवणारेच राहिले नसतील तर? तेही घडते. टेकमसे या नावाची छोटी पेट्रोल इंजिने एके काळी अमेरिकेतल्या हिमकाढणी यंत्रांवर सर्रास दिसत. ती २००८ च्या सुमारास बनायची बंद झाली. ब्रिग्जच्या कंपनीनेही २०२० च्या जुलैत दिवाळखोरीचा अर्ज केला होता, पण त्याच वर्षी ती नव्या मालकाकडे गेली आणि भाग मिळत राहिले. मूळ कारखाना गेला तरी पर्यायी भाग बनवणारे मागे राहतात, कारण लोकांच्या घरी यंत्रे उरलेली असतात. आणि तेही गेले, तर उरते ती कात्री.

कात्री, पंच आणि धीर

होय, साधे गॅस्केट घरी कापता येते. मात्र एक भेद आधी करावा. जो स्थिर बसतो तो कागद. तो कापता येतो. जो हलतो तो पडदा; तो विकतच आणावा. पडद्याचा नरमपणा आणि त्याच्या झडपांच्या जिभा घरच्या कात्रीने साधत नाहीत.

गॅस्केटचा कागद वेगळा विकत मिळतो. तो पेट्रोल-तेलाला दाद न देणारा असतो. वहीचा पुठ्ठा किंवा मिठाईच्या खोक्याचे झाकण वापरू नये. पेट्रोलने त्याचा लगदा होतो. जाडी जुन्याइतकीच हवी. साधारणतः हे कागद ०.४ मिलिमीटर आणि ०.८ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा चौसष्टावा आणि बत्तिसावा भाग, अशा जाडीत मिळतात. जुन्या गॅस्केटचा दाबला न गेलेला कोपरा मोजावा. जेथे इंजिनाची उष्णता कार्बोरेटरकडे जाऊ नये म्हणून मुद्दाम जाड ठोकळा घातलेला असतो, तेथे पातळ कागद घालून चालणार नाही. पेट्रोल तेथेच उकळू लागेल.

माप घेताना जुने मिस्त्री कागद तोंडावर ठेवून कडेने हातोडी हळूहळू ठोकतात. बिडाच्या जाड भागावर ते ठीक. कार्बोरेटरचा धातू मऊ असतो, त्याची कड दुखावते. त्यापेक्षा तोंडावर बोटाने किंचित ग्रीस फिरवावे, कागद दाबावा, छाप उठते. आधी भोके पाडावीत, मग बाहेरची कड कापावी. उलटे केले तर अरुंद जागी कागद फाटतो. स्क्रूची भोके पंचाने पाडावीत. पंच नसेल तर पितळी नळीचे तोंड घासून धार लावली की पंच झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे : गॅस्केटवरचे एकही बारीक भोक विसरू नये. आपल्याला ते निरर्थक वाटते, पण तोच हवेचा किंवा पेट्रोलचा मार्ग असतो. ते बुजले की नवे गॅस्केट बसवूनही इंजिन ढिम्म हलत नाही आणि दोष नशिबाला जातो.

सांध्यावर सिलिकॉनचा चीक लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. कार्बोरेटरवर तो कटाक्षाने टाळावा. पेट्रोलने तो सुटतो आणि त्याचा एखादा कण जेटमध्ये जाऊन बसतो. कोरडे, स्वच्छ, सपाट तोंड आणि योग्य जाडीचा कागद यांना चीक लागत नाही. पल्सा-जेटच्या टाकीचे तोंड वाकले आहे का, हे पट्टी आडवी ठेवून पाहावे, पट्टीखालून ०.०५ मिलिमीटरचे फीलर गेज सरकले तर तोंड सपाट नाही, आणि मग कितीही नवा पडदा घाला, उपयोग नाही. स्क्रू एकदम एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत. उघडताना कोणता थर वर आणि कोणता खाली होता, याचा फोटो आधीच घेतलेला असावा.

इंजिन फार जुने असेल तर आणखी एक सावधगिरी. जुन्या काळी उष्ण भागांची, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याची आणि सायलेन्सरची, गॅस्केटे ॲसबेस्टॉसची असत. अमेरिकेत पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर २०२४ साली बंदीचा नियम निघाला, पण जुन्या इंजिनात ते बसलेलेच आहे. असले गॅस्केट कोरडे खरवडून धूळ उडवू नये. ते ओले करावे आणि जमत असेल तर जाणत्याकडे सोपवावे.

दिवाळीच्या दिवसांत विशेष

योगायोग असा की आपली दिवाळी येते तेव्हा अमेरिकेच्या उत्तर भागातले गवत वाढायचे थांबत आलेले असते आणि आपल्याकडे पावसाळी रान कापून झालेले असते. दोन्हीकडे यंत्र कोनाड्यात जाण्याची हीच वेळ. गॅस्केट स्वस्तात मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ते बिघडू न देणे. टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

पण हे काम पणत्या लागायच्या वेळी करू नये! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरपटत जाते आणि दूरच्या ज्योतीला गाठते. तिकडे गॅरेजमध्ये पाणी तापवण्याच्या गॅसची ज्योत असते, येथे अंगणात पणती आणि फुलबाजी. उजेडी, उघड्यावर, प्लगची तार काढून मगच यंत्राला हात लावावा. आडवे करायचे झाले तर कार्बोरेटरची बाजू वर ठेवावी. काम झाल्यावर सांध्याभोवती ओल दिसते का ते पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. गळके गॅस्केट यंत्राला दमा देते, पण निष्काळजी माणसाला ते चटकाही देते.

कागद लहान, प्रश्न मोठा

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुने पॅकिंग हातात घेऊन गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. तयार नसेल तर कापून देणारा मिळतो. आपल्याकडे वस्तू महाग आणि हात स्वस्त होते, म्हणून दुरुस्तीची विद्या टिकली. अमेरिकेत हात महाग आणि वस्तू स्वस्त झाल्या, म्हणून ती घराघरांतून हरवत गेली. आज आपणही त्याच वाटेने निघालो आहोत. नवे मिळते आहे, मग जुने कशाला उघडा, हे वाक्य आता आपल्या चाळीतही ऐकू येते.

जुन्याचा हट्ट प्रत्येक वेळी धरावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पेट्रोलच्या यंत्रांचा धूर आणि गोंगाट खरा आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा करून २०२४ च्या मॉडेलपासून धूर सोडणाऱ्या नव्या छोट्या इंजिनांना आपल्या बाजारात बंदी केली. मात्र लोकांच्या घरी असलेली जुनी यंत्रे वापरण्याला आडकाठी ठेवली नाही. ज्याचा पिस्टनच झिजला, तेल जळून निळा धूर येतो, त्याने खुशाल बॅटरीचे यंत्र घ्यावे. पण ज्याचे हाडपेर धड आहे त्याला एका कागदापायी भंगारात घालणे हा हिशेबातला अडाणीपणा आहे. अख्खे यंत्र ओतायला जेवढे लोखंड, ॲल्युमिनियम आणि कोळसा लागला, त्याची किंमत दुकानाच्या पावतीवर कधी लिहिलेली नसते.

या गोष्टीला आता कायद्याचाही आधार मिळू लागला आहे. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रे बनवणाऱ्यांनी भाग, अवजारे आणि माहितीपुस्तके शेतकऱ्याला उपलब्ध करून द्यावी लागतात. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' हा विषय हाती घेतला, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत. पण हक्क कागदावर आला तरी तो वापरणारे हात लागतातच. ज्याला आपल्या इंजिनाचा क्रमांक वाचता येत नाही, त्याला हक्काचा उपयोग काय?

म्हणून यंदाच्या फराळाच्या गप्पांत घरातल्या मुलामुलींना एक काम द्या. घरात जे काही इंजिनाचे, पंपाचे, कुकरचे, मिक्सरचे आहे, त्याचा मॉडेल क्रमांक शोधून एका वहीत लिहायला सांगा. सोबत शेवटचे गॅस्केट, रिंग किंवा वॉशर कधी बदलले ती तारीख. लक्ष्मीपूजनाला वही-खात्यांची पूजा करण्याची आपली रीतच आहे. ही वहीही त्यांत ठेवावी. लक्ष्मी येते ती दारातून, हे सगळे जाणतात. पण जाते ती बहुधा अशा बारीक फटींतून, आणि त्या बुजवायला दीडदमडीचा कागद पुरतो.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. आपली यंत्रे पहिल्या झटक्याला सुरू होवोत!